वजा केलेला हात

खालून स्कूटरचा आवाज आला तेव्हा स्वराली गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आवाज ओळखीचा होता, पण वर्षभरात कानावर पडला नव्हता. आधी नुसता घरघरला, बंद पडला, मग नीट लागला. तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. पार्किंगमधल्या स्कूटरवरचं धुळकट आच्छादन बाजूला पडलं होतं आणि मेकॅनिकच्या शेजारी तिच्या सासूबाई, मंदाकिनीबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काकू, बॅटरी नवी टाकली, प्लग साफ केला. आता बुलेट ट्रेन झाली बघा ही."

"ती धावायला लागली की मग उपमा दे. आधी ब्रेक बघ."

स्वरालीच्या हातातला शर्ट पिळलेलाच राहिला. मंदाकिनीबाई वर आल्या, चपला जागच्या जागी ठेवल्या आणि पंख्याखाली बसल्या.

"गुरुवारी कसब्यात बहिणीकडे जाते," त्या म्हणाल्या. "आनंदीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. रिक्षा तिच्या बोळात शिरत नाही आणि तिचा गुडघा बोळाबाहेर चालत नाही. मागे बसवते आणि नेते."

"आई, पण डॉक्टरांनी स्कूटर नको म्हटलंय ना?"

"हात कापतो म्हणून नको म्हटलं होतं. आता कापत नाही."

"चहा घेताना अजून..."

"चहा घेताना हाताला काही काम नसतं. रिकामा असला की चाळे करतो. काम दिलं की गप्प बसतो. अवकाशातून यान खाली आणते मी रोज, तुझ्यासमोर आणते. कर्वे रोडचं काय घेऊन बसलीस!"

उरलेले कपडे स्वरालीने इतक्या घाईने वाळत घातले की चिमटे लावायचे राहिले आणि दुपारी नवऱ्याचा, सलिलचा, शर्ट खालच्या मजल्यावरून आणावा लागला.

मंदाकिनीबाईंचा हात दीड वर्षापासून थरथरत होता. नुसता मांडीवर असला की ठीक, पण काही धरायला गेला की बोटांपासून मनगटापर्यंत बारीक कंप सुटायचा. म्हणजे त्या म्हणत होत्या त्याच्या अगदी उलट. गेल्या वर्षी पौड फाट्याच्या वळणावर त्या स्कूटरसकट आडव्या झाल्या. खरचटण्यावर निभावलं, पण डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि स्कूटर बंद केली. वयाच्या पंचविशीपासून या बाई दुचाकीवर होत्या. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून त्या निवृत्त झाल्या, त्या दिवशी मिळालेला हारसुद्धा त्यांनी हँडलला अडकवून घरी आणला होता. स्कूटर बंद झाल्यावर त्यांनी तक्रार केली नाही. फक्त रिक्षात बसल्या की घरापासून मुक्कामापर्यंत रिक्षावाल्याला गाडी कशी चालवावी हे शिकवत.

आणि यान. यान स्वरालीने घरात आणलं होतं.

ती वारज्याला एका छोट्या कंपनीत काम करत होती. दहाबारा माणसं, मिठाईच्या दुकानावरचा मजला, आणि एकच खेळ. साठीच्या दशकात एकेकटी माणसं ज्या कुपीत बसून पृथ्वीभोवती फिरून आली, तशा कुपीचा खेळ. त्यात गोळीबार नव्हता, परग्रहावरचे राक्षस नव्हते. एक अरुंद खुर्ची, समोर काटे आणि दिवे, डोक्याशी लहानशी खिडकी, आणि उजव्या हाताशी एक दांडा. दांडा पुढेमागे केला की कुपीचं नाक खालीवर होणार, आडवा केला की ती कुशीवर कलणार, पिळला की तोंड फिरवणार. परत येताना कुपी ठरावीक कलात स्थिर धरायची आणि वेग मोडणारी रॉकेट्स पेटवायची. कल चुकला की कुपी भलतीकडेच जाऊन पडणार. शिवाय दांडा हलला की दरवेळी थोडं इंधन खर्च होणार. ते संपलं की आतला माणूस नुसता प्रवासी. कुपीच्या हालचालीची सगळी गणितं स्वरालीने लिहिली होती आणि त्यात कुठेही खोटेपणा नाही याचा तिला मनातून अभिमान होता.

जन्मात कधी खेळ न खेळलेलं माणूस हे कसं खेळतं ते बघायला हवं, असं तिच्याबरोबर काम करणाऱ्या आमोदने काढलं, म्हणून ती एक संगणक आणि फळीवर स्क्रूने बसवलेला दांडा घरी घेऊन आली. मंदाकिनीबाई उत्साहाने बसल्या. त्यांनी दांडा धरला आणि त्यांच्या हाताची प्रत्येक थरथर कुपीने इमानदारीने पाळली. खिडकीतली पृथ्वी गदगदा हलायला लागली, इंधनाचा काटा बघता बघता तळाला गेला. मंदाकिनीबाईंनी हात काढून घेतला आणि पदराखाली धरला.

"यान बिघडलंय तुमचं," असं म्हणून त्या कणीक भिजवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरालीने खेळाच्या घरातल्या प्रतीत प्रोग्रामच्या दहा ओळी वाढवल्या. माणूस मुद्दाम हात हलवतो तो सावकाश, कंप असतो त्याच्या कितीतरी पट जलद. जलद असेल तेवढं वजा करायचं, सावकाश असेल तेवढं पुढे जाऊ द्यायचं. काम सोपं होतं. संध्याकाळी आल्यावर त्यांना सांगू, असं ठरवून ती ऑफिसला गेली. संध्याकाळी दार उघडलं तर मंदाकिनीबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं आनंदी, समुद्रात अलगद! हो, मीच. नाही गं, विमान नाही, कुपी!" त्यांचा चेहरा पाहून स्वरालीने सांगणं उद्यावर ढकललं. त्या उद्याला आता दोन महिने होत आले होते.

मध्ये एकदाच मंदाकिनीबाईंनी विचारलं होतं, "दांडा वळवला की हे यान जरा विचार करून वळतं. असं का गं?"

वजाबाकीला थोडा वेळ लागतो, म्हणून. पण स्वराली म्हणाली, "अंतराळात तसंच असतं, आई."

एम.एस्सी. झालेल्या मुलीच्या तोंडून बाहेर पडलेलं हे वाक्य तिला पुढे कुठेही आठवायचं. दात घासताना, बसच्या रांगेत.

मंगळवारी ऑफिसात तिचं कशात लक्ष लागेना. तीनदा उठून पाणी पिऊन झाल्यावर तिने आमोदला सगळं सांगितलं. तो डबा खात होता.

"मग यात वाईट काय आहे?" आमोद म्हणाला. "प्रत्येक खेळ खेळणाऱ्याशी खोटं बोलतो. खेळणाऱ्याचा शेवटचा थोडासा जीव उरला की तो मुद्दाम हळूहळू कमी करतात, माहितीये ना? माणसाला वाटतं, काय वाचलो! खेळ म्हणजे खुशामतच असते गं."

"खेळून उठल्यावर कोणी बहिणीला स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरकडे नेत नाही, आमोद."

तो चावायचा थांबला. "सॉरी. मग सांगून टाक."

"कसं?"

"ते मला विचारू नकोस. मी माझ्या आईला अजून पगार खरा सांगितलेला नाही."

संध्याकाळी तिने सलिलला स्वयंपाकघरात गाठलं. तो काकडी चोचवत होता.

"तू सांग तुझ्या आईला, स्कूटर नको म्हणून."

"मी? मी मागच्या वेळी सांगितलं तेव्हा तिने मला माझ्या बारावीचे फिजिक्सचे मार्क ऐकवले. शेजाऱ्यांसमोर."

"सलिल, मी मस्करी करत नाहीये. त्या पडल्या तर?"

त्याने सुरी खाली ठेवली. "मग तू सांग. तिचा हात थांबला असं तिला माझ्यामुळे वाटत नाहीये, स्वराली. तुझ्यामुळे वाटतंय."

ते खरंच होतं. म्हणूनच तिने त्या संध्याकाळी जे केलं ते तिला स्वतःलाही आवडलं नाही. मंदाकिनीबाई खाली फेरी मारायला गेल्या असताना तिने वजाबाकी निम्म्यावर आणली. त्यांना आपोआप कळेल, हात अजून कापतो. कोणाला काही बोलावं लागणार नाही.

मंदाकिनीबाई आल्या, चष्मा पुसून बसल्या आणि कुपी भलत्याच समुद्रात पडली. पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी इंधन आधीच संपलं. पण त्या उठल्या नाहीत. रोजची मालिका लागली आणि संपली, सलिल दोनदा जेवायला बोलावून गेला, त्या आपल्या दांडा धरून बसल्या होत्या. हात जितका थकत होता तितका जास्त कापत होता. शेवटी त्या उठल्या, डाव्या हाताने उजवं मनगट दाबत ताटावर बसल्या आणि आमटी डाव्या हाताने वाढून घेतली.

बुधवारी सकाळी स्वरालीला ते मनगट डोळ्यांसमोरून हलेना. ऑफिसला निघता निघता, खांद्याला पर्स असतानाच, तिने संगणक सुरू केला आणि वजाबाकी पुन्हा पूर्ण केली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण नेमकं तेच केलंय जे नवा माणूस कुपीत करतो: एका बाजूला कलली म्हणून जोरात उलटा दांडा, मग तिकडे कलली म्हणून पुन्हा इकडे. माळवाडीच्या स्टॉपवर उतरायचं होतं ते ती विसरली आणि दोन स्टॉप मागे चालत आली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा मंदाकिनीबाई संगणकासमोर बसल्या होत्या. हातात पेन्सिल होती.

"ये. चहा नंतर. आधी हे बघ."

खिडकीत पृथ्वीची निळी कड स्थिर होती. मंदाकिनीबाईंनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दांड्यावर भराभर टिचक्या मारायला सुरुवात केली. दांडा थडथडत होता.

"दांडा हलतोय?"

"हो."

"कुपी?"

कुपी ढिम्म होती.

"आता हे." त्यांनी पेन्सिलीने दांडा सावकाश ढकलला. निळी कड आज्ञाधारकपणे वर सरकली. "म्हणजे हळू बोललेलं याला ऐकू येतं आणि भरभर बोललेलं येत नाही. सोयीचं तेवढंच ऐकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. यंत्र पहिल्यांदाच पाहते आहे."

"आई, मी सांगणार होते."

"सोमवारी उत्तम. मंगळवारी भिकार. आज सकाळी पुन्हा उत्तम. तीस वर्षं पोरांनी शिजवून आणलेली खोटी रीडिंग्ज तपासली मी. इतकी उड्या मारणारी तर ढ मुलंसुद्धा आणत नाहीत." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"सगळ्यांच्या यानात आहे, की माझ्याच?"

"तुमच्याच."

खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"यान विचार करून का वळतं म्हणून मी विचारलं होतं तुला. हवा नाही, काही नाही, तिथे उशीर कशाचा, हे तेव्हाच मनात आलं होतं माझ्या. पण म्हटलं, आपली सून शिकलेली आहे, तिला माहीत असेल." त्या वळून बसल्या. "तुमच्याच खेळात माहितीचं पान आहे. पहिला माणूस वर गेला तेव्हा त्याच्या यानाचं सुकाणू म्हणे कुलूपबंद होतं. वर गेल्यावर त्याचं डोकं ठिकाणावर राहील की नाही, खाली कोणाला खात्री नव्हती. पण कुलपाचा आकडा एका लिफाफ्यात घालून बरोबर दिला होता. शिवाय निघायच्या आधीच कोणीतरी तो त्याला सांगूनसुद्धा टाकला. त्याला निदान लिफाफा मिळाला, स्वराली."

"काढून टाक ते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

तिने काढून टाकलं. मंदाकिनीबाईंनी दांडा धरला. खिडकीतली पृथ्वी गदगदली, काटे इकडून तिकडे आपटायला लागले, इंधन ओघळत गेलं. या वेळी त्यांनी हात काढून घेतला नाही. इंधन संपेपर्यंत दांडा धरून ठेवला आणि संपल्यावरसुद्धा कुपी गरगरत राहिली ती पाहिली.

"तू वजा करत होतीस ते जायचं कुठे?"

"म्हणजे?"

"वजा केलेलं कुठेतरी टाकतेस ना? की साठवतेस?"

"साठवलंय. आपोआप साठतं."

"दाखव."

स्वरालीने आलेख काढला. दोन महिन्यांचे एकाखाली एक पट्टे, कंगव्याच्या दातांसारखे बारीक, दाट. मंदाकिनीबाईंनी चष्मा कपाळावर सारून तोंड पडद्याजवळ नेलं. मुलांची जर्नल्स तपासताना त्या अशाच बघत असणार. बोट पडद्याला न लावता त्या वरून खाली आल्या.

"पहिल्या आठवड्यात आणि आता, उंची तीच आहे."

"हो."

"वाढलेलं नाही."

"नाही."

"आणि कमीही नाही. म्हणजे वर्षभर मी ज्या गोळ्या घेते आहे, त्यांनी या दोन महिन्यांत काडीचा फरक पडलेला नाही."

स्वरालीने पट्ट्यांकडे पाहिलं. हे तिने आधी किती वेळा पाहिले होते. वजाबाकी नीट चालली आहे ना, एवढंच तपासायला.

"डॉक्टर दर वेळी विचारतात, कसं वाटतंय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी सांगते, छान, खूप फरक आहे. ते लिहून घेतात आणि तीच गोळी पुढे चालू. आणि हे सगळं इथे, माझ्या घरात, माझ्याच हाताचं, पडून होतं."

"माझ्या लक्षातच आलं नाही, आई."

"लाड करताना लक्षात येत नाही." त्या उठल्या. "चहा टाक. माझ्यासाठी अर्धा."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या."

गुरुवारी सकाळी स्वरालीने रजा टाकली. मंदाकिनीबाई स्कार्फ बांधून, हातमोजे घालून तयार होत्या. किल्ली त्यांच्या हातात होती. "चल, खाली यायचं असेल तर," एवढंच त्या म्हणाल्या. स्वराली चपला शोधत मागोमाग धावली. दोन वेगळ्या जोडांच्या चपला घालून ती दोन पायऱ्या उतरली, परत आली, बदलल्या.

पार्किंगमध्ये मंदाकिनीबाई स्कूटरवर बसल्या. बटण दाबलं. इंजिन लागलं. स्वराली समोर जाऊन उभी राहिली. बाजूला व्हावं की हँडल धरावं, ते तिला ठरवता येईना.

उजव्या आरशात सोसायटीची इमारत थरथरत होती. मंदाकिनीबाई आरशाकडे बघत राहिल्या. इंजिन चालू असलं की आरसा हलतोच. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि हँडल तसंच घट्ट धरून ठेवलं.

इमारत थरथरतच होती. गॅलऱ्या, वाळत घातलेल्या चादरी, पाण्याची टाकी, सगळं.

त्यांनी हात सोडला. आरसा थांबला. हात ठेवला, पुन्हा सुरू झाला. एकदा पाहिलेलं त्यांनी कधी खरं मानलं नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदाही करून पाहिलं. वॉचमनने लांबून विचारलं, "काय आजी, बिघडली का?"

"गाडी ठीक आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

मग त्या उतरल्या नाहीत. बसल्या बसल्याच मागे सरकल्या, साडी सावरली आणि पुढच्या रिकाम्या सीटवर थाप मारली.

"बस."

"मी? आई, मी लग्नानंतर चालवलेली नाही. मला भीती वाटते ट्रॅफिकची."

"ते दिसेलच. तिथे पोचल्यावर तू आनंदीला घेऊन डॉक्टरकडे जा. मी तिच्या घरी बसून राहीन. बारा बायकांना फोन करून झालाय तिचा, मंदा स्कूटरवरून येतेय म्हणून. त्यांचं मी बघते." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि परत येताना माझ्या डॉक्टरांकडे. ते पट्टे कागदावर काढून घेतलेस का?"

"फोनमध्ये घेतलेत."

"बरं."

स्वरालीने हेल्मेट घातलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली. पहिल्याच गतिरोधकावर मागून आवाज आला, "स्कूटर चालवते आहेस की हातगाडी? सोड जरा." कर्वे रोडला लागल्यावर तो आवाज थांबेना. डावीकडे बस आहे. बसवाला तुला बघणार नाही, तू त्याला बघ. इंडिकेटर बंद कर, दिवाळी नाहीये. प्रत्येक ब्रेकला स्वराली एकदा जास्त दाबायची, मग घाबरून एकदम सोडायची, आणि मागच्या सीटवरून सुस्कारा ऐकू यायचा.

नळ स्टॉपला सिग्नल लाल झाला. चारी बाजूंनी दुचाक्या येऊन चिकटल्या. स्वरालीने दोन्ही पाय टेकले आणि तेव्हा तिला जाणवलं की मंदाकिनीबाईंचा उजवा हात आपल्या खांद्यावर आहे. कधी ठेवला ते कळलंच नव्हतं. बोटं हातमोज्यातून कापत होती. बारीक, दाट, न थांबता. आलेखात दोन महिने पाहिलेला तो कंप खांद्यातून मानेकडे चढत होता आणि इतका जोराचा असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने नकळत अंग आक्रसून घेतलं.

"हिरवा झाला," मागून मंदाकिनीबाई म्हणाल्या. "चल. आणि खांदा आखडू नकोस, मला धरायला काहीतरी हवं."